वास नसलेलं पाणी

माझी पीएचडी बेसिनमध्ये गेली, असं मी हल्ली चारचौघांत हसून सांगते. लोकही हसतात. त्यांना वाटतं, मी कंटाळून सोडली आणि आता गंमत करतेय. पण ती खरोखरच बेसिनमध्ये गेली. माटुंग्याच्या एका जुन्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर, खंडेनवमीच्या सकाळी. कोणी ओतली तेही मला माहीत आहे.

सध्या मी परळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर तुम्ही शिक्षक, नाही घेतला तर रस्त्यावरचं माणूस. कायम व्हायचं तर पीएचडी लागते, आणि ती माझ्याकडे नाही. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला मी मिश्रण वेगळं करायचं प्रॅक्टिकल घेते. दोन पदार्थ एकत्र दिलेले असतात, ते सुटे करून दाखवायचे. मिश्रण ईथरमध्ये विरघळवायचं, फनेलमध्ये ओतायचं, त्यात पाणी मिसळलेलं आम्ल घालायचं आणि हलवायचं. मिश्रणात जो बेस, म्हणजे आम्लाच्या उलट स्वभावाचा पदार्थ, असतो त्याचं आम्लाशी जमतं. तो ईथर सोडून पाण्यात उतरतो. दुसरा पदार्थ वर ईथरमध्येच राहतो. थोडा वेळ थांबलं की दोन थर स्वच्छ वेगळे दिसतात. खालची तोटी उघडून पाणी काढून घ्यायचं आणि त्यात अमोनिया घालायचा. आम्ल मेलं की बेस पुन्हा मोकळा होतो आणि नितळ पाणी डोळ्यांदेखत दुधाळ होतं. वीस वर्षं झाली हे बघायला लागून, तरी त्या क्षणी मी अजून पुढे वाकून बघते.

दरवर्षी दोघंतिघं तरी तो खालचा थर फेकून देतात. नुसतं पाणी आहे असं वाटतं त्यांना. मग माझा पारा चढतो. माझा राग तसाही नाकावरच असतो, आई म्हणते तो जन्मापासूनचा आहे. पण या एका चुकीला मी इतकी ओरडते, की एकदा शेजारच्या फिजिक्सच्या लॅबमधले सर काय झालं म्हणून बघायला आले होते. मुलांना कळत नाही, एवढ्याशा पाण्यावरून बाई एवढ्या का तडकल्या. मीही त्यांना सांगत नाही.

माझ्या पीएचडीचा विषय एका सालीतला बेस हा होता. झाडाचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे. आमच्या लॅबमध्ये ते 'कडू' याच नावाने ओळखलं जाई, कारण ज्यांनी ते आणलं ते त्याला 'आमचो कडू' म्हणत. ते म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत, स्वतः काळाचौकीला वाढलेले. कॉलेजात नोकरीला लागले तेव्हा मी शाळेतही नव्हते. आम्ही दोघं संध्याकाळी एकाच बसने घरी यायचो, मी लालबागला उतरायचे, ते पुढे जायचे. लॅबमधल्या सगळ्या मुलींना ते 'गो' म्हणत. माझ्याशी बोलताना मात्र 'गो चेडवा', म्हणजे अगं पोरी. तेवढ्या जादा एका शब्दाचा मला फार अभिमान होता.

मामांच्या गावच्या घरामागे ते एकच मोठं झाड होतं. ताप आला की त्याची साल उकळून देत, आणि पोरं ती थुंकून टाकत. एकदा शिमग्याला जाऊन येताना त्यांनी मूठभर साल वर्तमानपत्रात बांधून आणली आणि सरांच्या टेबलावर ठेवली. "बघा ह्याच्यात काय गावता काय," म्हणाले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. शांत, कमी बोलणारा माणूस. माझ्याकडे तोवर विषय नव्हता, म्हणून सरांनी ती पुडी माझ्याकडे सरकवली. मी सालीचा अर्क काढून तपासणीच्या प्लेटवर घातला, वर बेस असला की रंग धरणारा फवारा मारला, आणि दोन नारिंगी ठिपके उठले. पहिला ठिपका सगळ्यांना माहीत असलेला होता. दुसरा कुठल्याच पुस्तकात नव्हता. त्याच जातीच्या दुसऱ्या झाडांची साल आम्ही दोनचार ठिकाणांहून मागवली. एकीतही तो दुसरा ठिपका नव्हता. तो फक्त मामांच्या घरामागच्या झाडात होता.

त्या दिवसापासून मामा रोज विचारू लागले. "काय गो चेडवा, इला काय नाव?" नवीन पदार्थ सापडला की त्याला नाव देतात, हे त्यांना सरांनी सांगितलं होतं. गावच्या नावावरून नाव द्यायचं, असं मामांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी हो म्हटलं होतं. मला काय, बेसचं काहीही नाव ठेवा, मला माझ्या नावाआधी दोन अक्षरं हवी होती. आईने ती चाळीत आधीच लावून टाकली होती. शेजारच्या काकू मला गुडघ्यावरची गोळी विचारायच्या आणि मी तसली डॉक्टर नाही म्हटलं की गप्प बसायच्या, पण पटायचं नाही त्यांना.

आता वासाची गोष्ट. माझं पहिलंच वर्ष होतं. मामांनी एका फ्लास्कमधला ईथर पाणी समजून बेसिनमध्ये ओतला. ईथर चटकन पेट घेतो, आणि बाजूच्या टेबलावर शेगडी चालू होती. काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं, आणि मी जाम भडकले. वयाने माझ्या दुप्पट माणसाला मी लॅबच्या मधोमध उभं करून शिकवलं. म्हटलं, "मामा, कुठलंही भांडं घासायच्या आधी वास घ्यायचा. नाक आत घालायचं नाही, हाताने वारा घ्यायचा, असा. वास आला तर हात लावायचा नाही, मला हाक मारायची. वास नसेल तर पाणी, बिनधास्त ओतून टाका." मामांनी मान डोलवली. त्यानंतर एकही भांडं त्यांनी वास न घेता धुतलं नाही. मी कौतुकाने बघायचे. नवीन मुलांना सांगायचेही, मामांकडून शिका म्हणून.

अर्धवट ज्ञान मीच दिलं होतं. ईथरपुरतं ते बरोबर होतं. पण बेस आम्लात गेला की त्याचं मीठ होतं, आणि मिठाला वास नसतो. हे मला झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मामांना सांगायचं मात्र कधी सुचलं नाही.

पाच वर्षांत मी त्या सालीतून जे काढलं ते नखावर मावेल एवढं असायचं. प्रत्येक खेपेला दुसरा ठिपका दिसायचा, पण तो पदार्थ पहिल्या पदार्थापासून पुरता सुटायचा नाही. त्यातून तो नाजूक. मोकळा करून हवेत ठेवला की दोन दिवसांत तपकिरी पडून मरायचा. आम्लात मात्र महिनोन्‌महिने सुखरूप राहायचा. त्याची रचना ठरवायला लागतो तेवढा शुद्ध पदार्थ माझ्या हाती एकदाही आला नाही. दोनदा मुदतवाढ घेतली. तिसरी मिळणार नव्हती, तसं लेखी आलं होतं.

अशात मामांच्या चुलतभावांनी गावची जागा वाटून घेतली आणि मागच्या बाजूला पर्यटकांसाठी खोल्या बांधायला काढल्या. झाड मध्ये येत होतं. मामा सुट्टी टाकून गेले, भांडले, आणि हरून परत आले. येताना दोन गोण्या साल घेऊन आले. खोडाची, फांद्यांची, जेवढी सोलता आली तेवढी. एसटीच्या टपावर चढवून आणल्या होत्या. "ह्या शेवटचा," एवढंच म्हणाले, आणि चहाही न पिता कामाला लागले. त्या दिवशी नाव आलं का, असं त्यांनी विचारलं नाही.

उन्हाळा आणि पावसाळा मी त्या दोन गोण्यांवर घालवला. कुटणं, भिजवणं, गाळणं, आटवणं, आम्लात उतरवणं. गाळून उरलेला चोथा तीनतीनदा तपासला, त्यात काहीच राहिलं नाही याची खात्री झाल्यावरच फेकला. सर म्हणाले, आता तुकड्यातुकड्यांनी नको, सगळं एकत्र कर आणि एकदाच शुद्ध कर. बरोबरच होतं ते. मी पाच वर्षांच्या सगळ्या छोट्या बाटल्या बाहेर काढल्या. तळाला चिकटलेलं तपकिरी किटणसुद्धा आम्लाने धुऊन त्यात घातलं. इतकी काटकसर मी घरात तेलाच्याही बाबतीत केली नसेल. शेवटी सगळं मिळून एक लिटरच्या कॉनिकलमध्ये, म्हणजे निमुळत्या तोंडाच्या काचेच्या चंबूत, मावलं. अष्टमीच्या दिवशी मी ते द्रावण ईथरने शेवटचं धुतलं. नको असलेलं सगळं ईथरबरोबर वर निघून गेलं आणि खाली राहिलं नितळ, बिनरंगाचं आम्लपाणी. त्यात मुरलेला ईथर पुढच्या पायरीला त्रास देतो, म्हणून मी ते कोमट पाण्यावर ठेवून ईथर उडवून लावला. वास पूर्ण जाईपर्यंत. तीनतीनदा हुंगून बघितलं. काही म्हणजे काही वास उरला नाही, तेव्हा कुठे माझं समाधान झालं.

आता फक्त अमोनिया घालायचा, दुधाळ झालेलं क्लोरोफॉर्ममध्ये उतरवायचं आणि त्याच दिवशी रचना ठरवणाऱ्या मशीनवर द्यायचं. पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या लॅबमध्ये त्या दिवशी यंत्रांची पूजा व्हायची आणि पूजा झाली की कशाला हात लावायचा नाही. त्यापुढे दसरा, मग रविवार. पदार्थ मोकळा करून तीन दिवस ठेवणं शक्यच नव्हतं. आम्लात तो सुरक्षित होता. मी कॉनिकलच्या तोंडावर काचेची ताटली ठेवली, खाली चिठ्ठी सरकवली आणि घरी गेले. भांड्याखाली चिठ्ठी ही आमच्या लॅबची पद्धत. काचेवर लिहिलेलं द्रावकांनी पुसलं जातं, म्हणून कागदावर लिहायचं आणि भांडं वर ठेवायचं. चिठ्ठी अर्थातच इंग्रजीत होती.

खंडेनवमीला मी सकाळी दादरच्या फूलबाजारात गेले. झेंडू, शेवंती, आंब्याचे टहाळे, सगळं मीच आणायचं हा शिरस्ता होता. गर्दीतून पिशव्या सांभाळत साडेदहाला लॅबमध्ये पोचले. मामा सातपासून आले होते. फरशी, टेबलं, काचा, सगळं लखलखत होतं. माझं टेबल पार रिकामं होतं, आणि मला वाटलं, मामांनी माझी भांडी नेहमीसारखी कपाटात ठेवली असणार. मी उघडून बघितलं नाही. मशीनला हार घातले, तराजूला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. मशीनसमोर मामांनी एका मोठ्या कॉनिकलमध्ये पाणी भरून माझ्याच फुलांतले झेंडू लावून ठेवले होते. छान दिसत होते. मी हात जोडले आणि मनात म्हटलं, सोमवारी तेवढं सुटून येऊ दे.

सोमवारी कपाट उघडलं. कॉनिकल नव्हता. दुसरं कपाट बघितलं, धूर खेचून घेणारं कपाट बघितलं, फ्रिज बघितला. मग नजर मशीनकडे गेली. झेंडू मान टाकून पडले होते आणि त्या कॉनिकलच्या काठाला टवका उडालेला होता. तो टवका माझ्याच हातून, फनेल आपटून उडाला होता. मी फुलं उपसून काढली. आत हिरवट झालेलं पाणी होतं. त्या पाण्याचा थेंब प्लेटवर घालून मी फवारासुद्धा मारला. माणूस कशाची आशा धरेल सांगता येत नाही. प्लेट कोरी राहिली.

मामा आले. मी शक्य तेवढ्या सरळ आवाजात विचारलं, यात काय होतं मामा?

"पाणी होता," मामा म्हणाले. "सगळ्यात बरो कॉनिकल तोच, म्हणान पूजेक घेतलंय. वास घेवन बघितलंय गो, दोन वेळा. कायेक वास नाय. मगेच ओतलंय." मग हसून म्हणाले, "तुझी चिठी खणात ठेवलंय हां. कागद भिजात म्हणान."

खण उघडला. चिठ्ठी होती, नीट दुमडून ठेवलेली.

मी ओरडले नाही. आयुष्यात ज्या दिवशी ओरडायला हवं होतं त्या एका दिवशी माझा आवाज निघाला नाही. समोर त्यांचा चेहरा होता. टपावर गोण्या चढवून आणणारा तो माणूस, आणि मी शिकवलेला धडा त्याने तंतोतंत पाळला होता. मी म्हटलं, "हो मामा, पाणीच होतं." आणि जिना उतरून खाली गेले. कॉलेजच्या मागे, स्कूटर लावतात तिथे, उभी राहून रडले.

वहीत मी 'माझ्याकडून सांडलं' असं लिहिलं. सरांनाही तेच सांगितलं. सरांनी वहीतली ती ओळ वाचली आणि विचारलं, "किती सांडलं?" मी म्हटलं, सगळं. त्यांनी चष्मा काढून पुसला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतरचे तीन महिने मी नुसती धावत होते. बेसिनखालच्या पाइपचा वाक उघडून त्यातला गाळ तपासला. काळबादेवीच्या जडीबुटीवाल्यांच्या दुकानांत हिंडले. गिरगावातल्या एका वैद्यांनी डब्यातली साल दिली, जुनी, धुळीने माखलेली. दुकानदार तीच म्हणून देत आणि मी पिशव्या भरून आणून लॅबमध्ये उकळत बसे. प्रत्येक वेळी एकच ठिपका, तोच तो सगळ्यांना माहीत असलेला. मामांना न सांगता, त्यांच्याच गावच्या एकाला तिकडे फोन करायला लावला. झाड होतं तिथे आता खोल्यांचा पाया भरला होता, मुळंही मशीनने उपटून टाकली होती. जानेवारी संपता संपता मी साल आणणं बंद केलं. मुदत मार्चअखेरपर्यंत होती, पण माझ्यापुरतं सगळं तिथेच संपलं होतं.

या सगळ्या काळात मामांना मी कळू दिलं नाही. खरं सांगते, त्याचा मला गर्व होता. सगळं गेलं, पण मी एका म्हाताऱ्या माणसाचं मन मोडलं नाही, असं मी रात्री स्वतःलाच सांगायचे. तेवढंच एक चांगलं काम हातून झालंय असं वाटायचं. मामांनी परत विचारायला सुरुवात केली होती, "इला काय गो नाव?" आणि मी म्हणायचे, येईल मामा, वेळ लागतो.

फेब्रुवारीत लॅबला तीन नवीन मुलं आली. एक दिवस दुपारी मी टेबलाशी बसून सरांसाठी कसलंसं पत्र टाइप करत होते. मामा बेसिनपाशी उभे राहून त्या तिघांना शिकवत होते. मे महिन्यात ते निवृत्त होणार होते आणि जाण्याआधी सगळ्यांना तयार करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. हातात एक बीकर होता. हाताने वारा घेत, माझीच नक्कल करत ते म्हणाले, "वास इलो तर हात लावचो नाय. वास नाय तर पाणी. बिनधास्त ओतूचा. ह्या आमच्या बाईंनी शिकवलेला. तिच्या पीएचडीत माझा झाड आसा."

माझ्या डोक्यात काहीतरी फाटलं.

"कसलं झाड, मामा?" मी उभी राहिले. "कसली पीएचडी? खंडेनवमीला तुम्ही ओतलंत ते काय होतं माहितीये? पाच वर्षांचं होतं ते! तुमच्या दोन्ही गोण्या होत्या त्यात! पाणी म्हणे! आणि आता या पोरांनाही तेच शिकवा!"

आणखीही बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहवत नाही. तिन्ही मुलं भिंतीला चिकटली. सर केबिनच्या दारात येऊन उभे होते.

मामांनी बीकर खाली ठेवला. हळूच, आवाज न होऊ देता. मग स्टुलावर बसले. "पूजेचो कॉनिकल?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"पण वास नाय होतो," ते म्हणाले. "दोन वेळा घेतलंय."

"आम्लात वास येत नाही, मामा."

"ह्या माका खंय म्हाइत?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यात तक्रार नव्हती. ते खरंच विचारत होते. उत्तर माझ्याकडे होतं, सांगायला हवं होतं की मी शिकवलंच नाही, चूक माझी आहे. मी ते त्या क्षणी बोलले नाही. रागाच्या भरात माणसाला दुसऱ्याचं सगळं दिसतं, स्वतःचं नेमकं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले, सगळं नीट समजावून सांगितलं, मीठ, आम्ल, वास. मामा "बरा, बरा," म्हणत राहिले. कानावर पडलं, आत काही गेलं नाही.

त्यानंतर मामांनी एकही भांडं विचारल्याशिवाय रिकामं केलं नाही. परीक्षानळ्या, बीकर, चहाचे कपसुद्धा. एकेक भांडं हातात घेऊन ते त्याच्या मालकाला शोधत लॅबभर फिरत. मालक तासाला गेलेला असला की भांडं तसंच राही. आठवड्याभरात बेसिन भरलं, मग टेबलाची कड, मग खिडकी. मुलांना सुरुवातीला वाईट वाटलं, नंतर गंमत वाटू लागली. एकाने कागदावर 'मी पाणी आहे' लिहून नळाला चिकटवलं. मी तो फाडला आणि त्या पोराला झापलं, पण मामांनी तो वाचला होता. विभागप्रमुखांकडे तक्रार गेली की मामांना आता काम होत नाही, वय झालं. त्यांना मेपर्यंत दारापाशी, हजेरीच्या वहीजवळ बसवलं. तीस वर्षांहून जास्त काळ ज्याच्या हातून ती लॅब स्वच्छ राहिली त्याला सांगितलं की कशाला हात लावू नका. ते माझ्यामुळे झालं. माझी पीएचडी गेली ती एका चुकीने गेली, मामांचं नुकसान मी पूर्ण शुद्धीवर असताना केलं.

एप्रिलमध्ये नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं. दोन ओळींचं होतं. सरांनी ते वाचून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, कपाट रिकामं करावं लागेल, घाई नाही. मला घाईच करायची होती. घरी आईला मी पत्राबद्दल सांगितलं, तर ती म्हणाली, चाळीत कोणाला काही सांगू नकोस, हळूहळू विसरतील. लोक अजून विसरलेले नाहीत.

कपाट आवरायला मी एका शनिवारी दुपारी गेले. लॅबमध्ये कोणी नव्हतं. दारापाशी खुर्चीवर मामा होते. मला बघून उठले. इतक्या वर्षांत माझ्यासाठी ते कधी उठले नव्हते. मी वह्या, प्लेटा, बाटल्या खोक्यात भरत गेले आणि ते काही अंतरावर हात मागे बांधून उभे राहिले. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, हा बीकर लॅबचा आहे, धुऊन ठेवते. नळ सोडला, बीकर विसळला, परत भरला आणि बेसिनच्या कडेला ठेवून ब्रश शोधायला वळले.

वळून बघते तर मामांनी तो बीकर दोन्ही हातांत धरला होता. नळातून पाणी घेताना त्यांनी मला बघितलं होतं. आम्ही दोघंच होतो तिथे.

"मॅडम," ते म्हणाले, "ह्या ओतू काय?"

मी मान हलवली, ओता म्हणून. ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी बीकर माझ्यापुढे धरला.

"नको," म्हणाले. "तुमीच ओता."

मी बीकर घेतला आणि बेसिनमध्ये रिकामा केला.